टीटीसारखे रेसिंगचे फोटो काढायचेत? मग आधी उभं राहायची जागा शिक

देवरुखच्या एका कॉलेजातल्या मुलाने विचारलंय, थोडक्यात असं: "दादा, आयल ऑफ मॅनच्या टीटी रेसचे फोटो बघून वेड लागलंय, ती भिंतीला घासून जाणारी बाईक वगैरे. मला पण असंच शूट करायचंय. आमचा ग्रुप रविवारी सकाळी आंबा घाटात राइडला जातो, तिथेच एखाद्या वळणावर उभं राहून सुरुवात करू का? सेटिंग काय ठेवू, उभं कुठे राहू, आणि लोक म्हणतात तेवढा धोका खरंच असतो का?"

(टीटी म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी, ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावरची बाईकची रेस.) आधी आंबा घाटाचं सांगतो. तिथे नको. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो पण हे पहिलं.

असं बघ, तू कॅमेरा घेऊन वळणावर उभा राहिलास की बाईकवाला बदलतो. जो पोरगा रोज त्या वळणाला निवांत तिसऱ्या गिअरमध्ये येतो तोच कॅमेरा दिसला की गुडघा बाहेर काढतो, ब्रेक उशिरा मारतो, आणि पहिल्या फेरीचा फोटो हलला म्हणून परत फिरून येतो, आणि परत येताना आधीपेक्षा जोरातच येतो. समोरून उतरणाऱ्या एसटीला किंवा चिऱ्याच्या डंपरला ह्यातलं काही माहीत नसतं. त्यात आपले घाट. मासळीचा टेम्पो रत्नागिरीहून कोल्हापूरकडे चढत असतो, मागून बर्फाचं पाणी गळत असतं, आणि वळणावर टेम्पो कलला की तिथेच नेमकं भसकन सांडतं, मग ते सुकल्यासारखं दिसलं तरी रस्ता बुळबुळीत राहतो. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की साईडपट्टीची लाल माती आणि बारीक खडी वाहून येते ती वळणाच्या आतल्या बाजूला बसते, म्हणजे जिथून बाईक कलती करून काढायची असते बरोबर तिथेच. कुंभार्लीत जा, आंबोलीत जा नाहीतर गगनबावड्याला जा, सगळीकडे हीच कथा.

आणि कायदा पण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाच एकदा. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, त्यात भाग घेतला किंवा ती होऊ दिली तर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर. दुसऱ्यांदा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजार. वर तुझे फोटो म्हणजे पोलिसांना आयता पुरावा, नंबर प्लेट, जागा, वेळ सगळं तूच गोळा करून दिलेलं.

आता टीटीचं. तिथे पण सार्वजनिक रस्ताच आहे, रोज माणसं त्याच रस्त्याने भाजी आणायला जातात, पण रेसच्या वेळेला तो कायद्याने बंद करतात. ही सगळी भानगड सुरूच तिथून झाली. ब्रिटनमध्ये त्या काळात ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि रेससाठी रस्ते बंद करायला तिथलं सरकार तयार नव्हतं, आयल ऑफ मॅनच्या स्वतःच्या संसदेने १९०४ मध्ये कायदा करून रस्ते बंद करायची सोय केली, आणि १९०७ ला पहिली टीटी झाली. आज जो माउंटन कोर्स आपण बघतो त्याच्यावर १९११ पासून धावतात. एक फेरी ६० किलोमीटरच्या वर, दोनशेहून जास्त वळणं, मध्ये गावं, पूल, चढ, डोंगर. पीटर हिकमन ह्या ब्रिटिश रायडरने २०२३ ला जी फेरी मारली तिची सरासरी ताशी १३६.३५८ मैल आहे, म्हणजे २१९ किलोमीटर, आणि ही सरासरी आहे हां, त्यात गावातली सगळी वळणं धरून.

आणि कडेला काय? सर्किटवर बाईक घसरली तर पुढे मोकळी जागा असते, खडीचा पट्टा असतो, हवेचे गाद्यांसारखे बॅरियर असतात. टीटीला कडेला लोकांच्या घराच्या भिंती, फुटपाथचा कठडा, विजेचे खांब आणि दगडी बांध आहेत. आपल्याकडे वाडीच्या दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे असतात ना आणि मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता, तसंच बऱ्याच ठिकाणी, फक्त त्या मधून अडीचशेच्या पुढे बाईक जाते. काही जागी गवताच्या गंज्यांसारखे मऊ बॅरियर लावतात पण ६० किलोमीटरला दोन्ही बाजूंनी काय काय लावणार.

धोका खरंच किती असं विचारलंस म्हणून सांगतो. टीटी आणि त्याच कोर्सवरची मँक्स ग्रां प्री मिळून आजवर २६० च्या वर रायडर गेलेत. २०२२ च्या एकाच टीटीमध्ये सहा जण गेले, त्यात साईडकारमधले, म्हणजे दोघांनी मिळून पळवायच्या तीनचाकी बाईकवरचे, बापलेक होते. १९७२ ला जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन रायडर गेला आणि जाकोमो अगोस्तिनीने, जो तेव्हाचा सगळ्यात मोठा, परत तिथे धावायला नकार दिला, आणि १९७६ नंतर टीटीचा वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दर्जा पण गेला. नॉर्दर्न आयर्लंडच्या डनलॉप ह्या रायडर घराण्याचं तर सगळ्यांना माहीतच आहे. जोई २००० ला एस्टोनियात गेला, भाऊ रॉबर्ट २००८ ला नॉर्थ वेस्ट २०० ह्या नॉर्दर्न आयर्लंडमधल्या रोड रेसच्या प्रॅक्टिसमध्ये, त्याचा मुलगा विल्यम २०१८ ला आयर्लंडमध्ये. रॉबर्ट गेल्यावर दोन दिवसांत दुसरा मुलगा मायकल त्याच नॉर्थ वेस्ट २०० मध्ये उतरला आणि जिंकला. आज टीटीमध्ये सगळ्यात जास्त विजय त्याच्याच नावावर आहेत. हे वाचून कोणाला थोर वाटतं कोणाला वेडेपणा, मला दोन्ही वाटतं, पण रायडरने काय करावं हा त्याचा प्रश्न. आपला प्रश्न आपण कुठे उभं राहायचं हा आहे, कारण मरणाऱ्यांत फक्त रायडर नसतात. २००७ ला २६ व्या मैलाच्या दगडापाशी रायडरबरोबर दोन प्रेक्षक गेले. २०१३ ला ब्रे हिलच्या पायथ्याशी बाईक पडली तेव्हा ११ प्रेक्षकांना लागलं.

जागा निवडताना नवीन माणूस फ्रेम बघतो. मागे काय दिसतं, ऊन कुठून येतंय, बाईक किती कलेल. मी त्याच्या आधी रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो आणि मनातल्या मनात बाईक पाडतो. इथे ब्रेक मारताना पुढचं चाक सुटलं तर बाईक कुठे जाईल? ती वळणार नाही, ज्या दिशेला चालली होती त्याच सरळ रेषेत जाईल. म्हणजे सरळ रस्ता संपून वळण सुरू होतं तिथे बाहेरच्या बाजूला, त्या सरळ रेषेच्या टोकाला जी जागा येते ती बाद. नेमका समोरून येणाऱ्या बाईकचा सगळ्यात भारी फोटो तिथूनच मिळतो म्हणून सगळे नवशिके तिथेच जाऊन बसतात. मग पुढचं, वळणाच्या मध्यावर कलत्या बाईकचं टायर सुटलं, बाईक आडवी झाली, तर बाईक आणि माणूस दोघं वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरत जातात, म्हणून ती बाहेरची अख्खी कड बाद. आणि तिसरं सगळ्यात वाईट, वळणातून बाहेर पडताना रायडर थ्रॉटल उघडतो, मागचं टायर आधी सुटतं आणि मग अचानक पकडतं, तेव्हा बाईक रायडरला वर फेकून देते, ह्याला हायसाईड म्हणतात, आणि ह्यात बाईक कोलांट्या खात कुठे जाईल ते देव जाणे. म्हणून वळणाच्या बाहेर पडायच्या टप्प्यावर मी दोन्ही बाजू टाळतो, आतली पण.

राहिली कुठली जागा? वळणाच्या आतली बाजू, वळण सुरू होण्याच्या थोडं आधीची, रस्त्यापेक्षा उंचावर, आणि मध्ये काहीतरी भक्कम असलेली. बांधावर बसायचं नाही, बांधाच्या मागे उभं राहायचं, आणि बांधाला चिकटून पण नाही कारण बाईक बांधावर आपटली तर दगड आतल्या बाजूला उडतात. आतली बाजू म्हणजे एकदम सुरक्षित असं पण समजू नको, टीटीला रायडर आतल्या भिंतीच्या इतकं जवळून जातात की खांदा आणि हेल्मेट भिंतीच्या वर झुकलेलं असतं, म्हणून लेन्स, हात, पट्टा, काहीही भिंतीच्या रस्त्याकडच्या बाजूला येता कामा नये. आणि सुटायची वाट आधी बघून ठेवायची, दोन दिशांना. मागे करवंदीचं जाळं असेल, गटार असेल किंवा दरीचा कठडा असेल तर ती जागा कितीही देखणी असो, सोडायची. पाय कुठे अडखळेल ते रेस सुरू व्हायच्या आधी चालून बघायचं. बॅग मागे ठेवायची पण पळायच्या वाटेत नाही. ट्रायपॉड नाही.

मी पहिल्यांदा आयल ऑफ मॅनला गेलो तेव्हा बॅरेगॅरोच्या उताराखाली थांबलो होतो. तिथे रस्ता खाली येतो आणि एका घराच्या भिंतीला लागून वळतो, आणि तळाशी बाईकचं सस्पेन्शन एवढं दाबलं जातं की पोट रस्त्याला टेकतं. आवाज आधी येतो, वरून, झाडीमागून, मग क्षणभर काही दिसत नाही, मग खाली एक फटका ऐकू येतो, डांबराला प्लास्टिक घासल्याचा, आणि बाईक गेलेली असते. नंतर वारा येतो. बाईक गेल्यावर. भिंतीवरच्या वेलीची पानं उलटी होतात आणि तोंडावर बारीक माती बसते. शेजारी एक म्हातारा मार्शल, म्हणजे कडेला थांबून झेंडे आणि सुरक्षा बघणारा माणूस, होता, त्याने माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि मग गवताकडे दाखवलं, दोन पावलं मागे, एक शब्द बोलला नाही. मी सरकलो, वाद नाही, कारण त्या जागेवर किती वर्षं काय काय झालंय ते त्याला माहीत होतं. मार्शलने मागे हो म्हटलं की मागे व्हायचं, फोटो गेला तर गेला. बहुतेक मार्शल हौशी असतात, पगारी नाही, आणि त्यांच्याशी पंगा घेणारे फोटोग्राफर मला तरी आवडत नाहीत.

आता डोळ्याला कॅमेरा लावल्यावर काय होतं ते. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. २०० म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. काहीतरी चुकतंय हे कळायला आणि पाय हलायला सेकंदभर तरी जातोच, तेवढ्यात साठ मीटरवरची बाईक तुझ्यापाशी आलेली असते. म्हणजे पळून वाचायचं हे खरं तर शक्यच नाही, वाचवते ती जागा. आणि टेलि लेन्समधून तुला रस्त्याचा एवढासा तुकडा दिसतो. तू एका बाईकच्या मागे लेन्स फिरवतोयस, ती निघून गेली, तू अजून तिच्याच दिशेला बघतोयस आणि मागून दुसरी येतेय, पडलेली असेल तर तुला पत्ता पण नाही. म्हणून दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लाव, सुरुवातीला डोकं दुखतं, मग जमतं. आणि कानात इअरफोन अजिबात नाही. आवाज बदलला हे कानाला डोळ्याच्या आधी कळतं, इंजिन एकदम ओरडलं म्हणजे मागचं चाक सुटलंय, एकदम आवाज बंद झाला म्हणजे त्याहून वाईट.

टीटीला रायडर दहा दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात, त्यामुळे तुला एक ताल सापडतो, येतो जातो येतो जातो, आणि त्या तालाने माणूस सुस्तावतो. नॉर्थ वेस्ट २०० ला तसं नाही, तिथे घोळका एकदम सुटतो आणि वळणावर सात-आठ जण एकमेकांच्या कुशीत असतात, तिथे मी आणखी मागे उभा राहीन.

झेंडे शिक, रायडर शिकतो तसे. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, बहुतेक तेल सांडलंय, लाल म्हणजे रेस थांबली. आणि लाल झेंडा लागला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजून ओलांडायला जाऊ नको, लाल झेंड्यानंतरही रस्त्यावर गाड्या असतात. २०१८ च्या टीटीमध्ये डॅन नीन पडला, लाल झेंडा लागला, थांबवलेल्या रायडरना उलट्या दिशेने परत पाठवलं आणि त्याच वेळी अधिकाऱ्यांची गाडी जोरात अपघाताकडे निघालेली, तिच्यावर स्टीव्ह मर्सर समोरासमोर आदळला आणि फार वाईट जखमी झाला. रस्ता बंद म्हणजे रस्ता बंद, अधिकृतपणे उघडला असं सांगणारी गाडी फिरून जाईपर्यंत आहेस तिथेच राहायचं. ह्याचा अर्थ असा पण आहे की एकदा जागा धरलीस की तू तिथे तासन् तास अडकलास, त्यामुळे पाणी, खायला, आणि सकाळी वेळेत उरकून ये, हे कोणी सांगत नाही.

आणि आयोजकांनी दिलेली जागा म्हणजे पूर्ण सुरक्षित असंही नाही. मकाऊच्या ग्विया सर्किटवर बाईक पण धावतात आणि गाड्या पण. २०१८ च्या नोव्हेंबरात फॉर्म्युला थ्रीच्या रेसमध्ये सोफिया फ्लोर्शची गाडी लिस्बोआ वळणावर उडाली आणि सरळ फोटोग्राफरसाठी बांधलेल्या मचाणावर जाऊन आदळली, दोन फोटोग्राफर आणि एक मार्शल जखमी झाले, नशिबाने जीव गेला नाही. तो मचाण वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच होता, लांब सरळ रस्त्याच्या टोकाला. वर मी जे पहिलं बाद केलं तेच.

बरं, सेटिंग. ह्यातलं अर्धं तुला कुठेही वाचायला मिळेल म्हणून भरभर. फोकस कंटिन्युअस, फोकसचं बटण शटरपासून वेगळं करून मागच्या बटणावर, फोकसचा मधला झोन, बर्स्ट (एकामागोमाग फोटो) चालू, लेन्समध्ये स्टॅबिलायझर असेल तर पॅनिंगचा, म्हणजे बाईकबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायचा, मोड. समोरून येणाऱ्या बाईकला १/१००० किंवा त्याहून जलद. बाजूने जाणाऱ्याला १/१००० वापरलास तर बाईक पार्क केलेली दिसते, चाकाच्या तारा मोजता येतात, काय उपयोग. बाजूने १/२५० ने सुरू कर, जमायला लागलं की १/१६०, मग १/१२५, मग १/६०. पाय आधीच त्या दिशेला वळवून ठेव जिथे फोटो संपणार आहे आणि कंबरेतून मागे वळून बाईक पकड, म्हणजे शरीर सुटत सुटत पुढे येतं. शटर दाबून झाल्यावर पण फिरवत राहा. दिवसा उन्हात स्लो शटर नेलास की फोटो पांढरा होईल. आयएसओ १०० वर कडक उन्हात एफ १६ ला साधारण १/१०० लागतो, म्हणजे १/३० हवा असेल तर एफ २९, तेवढं बंद करून फोटो मऊ होतो आणि सेन्सरवरची सगळी धूळ दिसते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लाव, एफ १० ला काम होतं. आपल्याकडे मार्च ते मे तर लागतोच.

फ्लॅश कधीच नाही. आणि छत्री! पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येकाच्या हातात असते, रस्त्याच्या कडेला उघडी छत्री वाऱ्याने सुटली आणि रायडरच्या तोंडावर गेली तर काय होईल ते तूच ठरव. टोपी, लेन्स हूड, प्लास्टिकची पिशवी, जे उडू शकतं ते सगळं बांधून ठेवायचं.

आता तुझ्या कामाची गोष्ट, नीट वाच. फोटोत जो वेग दिसतो तो बाईकचा वेग आणि शटर दोन्ही मिळून दिसतो. २०० ने जाणारी बाईक १/१५० सेकंदात ३७ सेंटिमीटर पुढे जाते. ४० ने जाणारी बाईक १/३० सेकंदात पण ३७ सेंटिमीटरच जाते. अंतर आणि लेन्स तेच ठेवलं तर मागची झाडं दोन्ही फोटोंत सारखीच पसरलेली येतात. म्हणजे तुझ्या मित्राला आरे-वारेच्या रस्त्यावर आपल्या बाजूने, हेल्मेट-जॅकेट घालून, चाळिसने जाऊ दे, तू रस्त्यापासून लांब कुठेतरी कातळावर मोकळ्या जागेत उभा राहा आणि १/३० ला पॅन कर. मागे समुद्राची रेघ येईल, सकाळी सातला ऊन डोंगराच्या बाजूने येतं तेव्हा बाईकच्या अंगावर बरोबर पडतं. कलण्याचा अँगल खोटा नाही आणता येणार, तेवढं मान्य. पण पॅनिंग शिकण्यासाठी रेसची गरजच नाही. मी अजून रेसच्या सीझनच्या आधी दोन-चार दिवस स्टँडच्या अलीकडे बसस्टॉपच्या मागे उभा राहून एसटीवर हात साफ करतो, लाल रंग, ठरलेली वेळ, आणि ड्रायव्हर कॅमेरा बघून जोरात पळवत नाही.

बैलगाडीच्या शर्यतीवर पण बरेच जण सराव करतात, अलिबाग-मुरूडकडे ओहोटीला ओल्या वाळूवर पळवतात. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केल्या होत्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा मान्य केला. फोटो एक नंबर मिळतात पण धोक्याच्या बाबतीत मला बाईकपेक्षा ह्याचीच जास्त भीती वाटते, खरं सांगतो. लोक धावपट्टीतच उभे असतात आणि जोडी अंगावर आल्यावर बाजूला होतात, आणि बाईक निदान सरळ रेषेत घसरते, बैलाचं काय, त्याला वाटलं तिकडे वळतो. गेलास तर गाडीच्या किंवा बॅरिकेडच्या मागे राहा, लांब लेन्स लाव.

खऱ्या रेससाठी भारतात बंद सर्किटवरच जावं लागेल, बाईकची टीटीसारखी रस्त्यावरची रेस आपल्याकडे नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ३.७ किलोमीटरचा, आणि कोइमतूरचा कारी स्पीडवे, २.१ किलोमीटर, राष्ट्रीय स्पर्धा बहुतेक ह्या दोन ठिकाणी होतात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०२३ ला मोटोजीपी झाली, मार्को बेझेक्की जिंकला, पण तिथे ट्रॅकच्या कडेला जायला नवीन माणसाला कोणी उभं पण करणार नाही. जवळचं हवं असेल तर अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस व्हायच्या त्यावर लक्ष ठेव, सरळ रेषेतली रेस आहे, वळण नाही, पण ती लोणावळ्याकडे आहे, तुला तिथवर जायला एका दिवसाचं काम. पहिल्या दोन-तीन वेळा तिकीट काढून प्रेक्षकांत बस आणि जाळीमागून शूट कर. लेन्स जाळीला चिकटवून, अॅपर्चर उघडं ठेवून काढलंस की जाळी दिसत नाही. मग एखाद्या टीमला किंवा छोट्या रायडरला फोटो दे, त्यांना पण प्रायोजकाला दाखवायला फोटो हवेच असतात. ट्रॅकच्या आत जायला आयोजकांकडून मीडिया पास लागतो, स्पर्धा एफएमएससीआय ह्या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमाखाली असते, फॉर्मवर तुझ्या जबाबदारीची सही घेतात. ती सही करायच्या आधी स्वतःचा अपघात विमा आहे का बघ आणि त्यात मोटरस्पोर्टच्या जागी झालेली दुखापत वगळलेली नाही ना ते एजंटला लेखी विचार, बऱ्याच पॉलिसीत वगळलेली असते. आणि सर्किट म्हणजे सुरक्षित हे पण डोक्यातून काढ. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याच चेन्नईच्या ट्रॅकवर १३ वर्षांचा एक रायडर गेला.

तेव्हा एक प्रश्न येतोच, समोर अपघात झाला तर शटर दाबायचं का. दाबायचं असं मी म्हणतो, कारण चौकशीत फोटोचा उपयोग होतो, बाईक कुठे सुटली, हेल्मेट कसं निघालं. पण ती कार्डं आयोजकांकडे द्यायची, स्टेटसला नाही. २०२२ ला साईडकारच्या अपघातात आयोजकांनीच आधी चुकीचं नाव जाहीर केलं, ऑलिव्हिए लाव्होरेल गेला आणि सेझार शानाल हॉस्पिटलात आहे असं, आणि काही दिवसांनी कळलं की उलटं आहे. दोन घरांनी ते दिवस कसे काढले असतील. जिथे आयोजकांना ओळखायला चुकलं तिथे तू लेन्समधून हेल्मेटचा रंग बघून नाव लिहिणार का? नंबरसुद्धा लिहू नको. आणि मदतीला उडी मारून ट्रॅकवर जाऊ नको, ते मार्शलचं आणि डॉक्टरचं काम आहे, तू गेलास तर मागून येणाऱ्या बाईकला अजून एक अडथळा.

शेवटचं लेन्सचं, कारण तू विचारलंस की सेकंडहँड १५०-६०० घेऊ का ७०-२०० नवीन. सर्किटवर आणि रोड रेसिंगला दोन्हीकडे १५०-६०० किंवा १००-४०० च कामाची, कारण लांब उभं राहून फ्रेम भरता येते आणि लांब उभं राहणं हेच तर सगळं आहे. ७०-२०० वाला माणूस आपोआप पुढे पुढे सरकतो, मी बघितलंय. वजन जास्त आहे, हाताला सवय लागते. घेताना मात्र एक, रत्नागिरी, मालवण, अलिबाग कुठल्याही किनाऱ्यावर वापरलेली लेन्स असेल तर आधी बुरशी बघ. दोन्ही झाकणं काढ, मागच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मार, अॅपर्चर पूर्ण उघड आणि पुढून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे दिसले तर कितीही स्वस्त असो परत दे, ती काचेवरचं कोटिंग खाते आणि साफ करून पण खुणा राहतात. घेतल्यावर तुझ्याकडे ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापर. कपाटात, चामड्याच्या बॅगेत घालून जून ते सप्टेंबर ठेवलीस तर ऑक्टोबरात बुरशी लागलेलीच सापडेल. एसी गाडीतून थेट बाहेर काढू नको, बॅगेतच अर्धा तास राहू दे, नाहीतर आतून वाफ धरते. किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरून किंचित ओल्या फडक्याने पुसून मग कोरड्याने पूस, मीठ राहिलं तर झूमची रिंग करकरायला लागते.

घेतलीस की सांग, एसटीवर काढलेले पहिले फोटो पाठव, बघून सांगतो शटर कुठे आणायचं ते.